निश्चयाचे वाक्य : संमोहनोपचार आणि कोचिंग यांच्या भाषेची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

नव्या वर्षाच्या आरंभी, वाढदिवशी, किंवा एखाद्या दुखण्यातून उठल्यावर मनुष्य स्वतःपुरता काही निश्चय करतो. पहाटे उठावे, तंबाखू सोडावी, रोज चार पाने लिहावीत, रागाला आवर घालावा, अशा स्वरूपाचे हे निश्चय असतात. त्यांचे पुढे काय होते हे प्रत्येकास अनुभवाने ठाऊक आहे. तथापि त्याची मोजदादही झालेली आहे. नॉरक्रॉस आणि व्हँगरेली या अमेरिकन संशोधकांनी २०० व्यक्तींच्या नववर्षसंकल्पांचा दोन वर्षे मागोवा घेतला व १९८८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या आठवड्याअखेर ७७ टक्के लोक निश्चयावर टिकून होते. दोन वर्षांअखेर १९ टक्के.

या ढासळण्यावर उपाय म्हणून आज प्रामुख्याने दोन व्यवसाय पुढे येतात. एक संमोहनोपचाराचा, दुसरा कोचिंगचा. पहिला म्हणतो की निश्चय मनाच्या वरच्या थरात राहतो म्हणून मोडतो, तो खोल रुजविला पाहिजे. दुसरा म्हणतो की निश्चय संदिग्ध असतो म्हणून मोडतो, तो प्रश्न विचारून स्पष्ट केला पाहिजे. दोघांच्या दाव्यांत अंतर असले तरी साधनात नाही. दोघेही औषध देत नाहीत, यंत्र वापरीत नाहीत. दोघेही वाक्ये बोलतात किंवा बोलवून घेतात. ज्या व्यवसायाचे एकमेव साधन भाषा आहे, त्याची परीक्षा त्याच्या यशाच्या आकड्यांइतकीच त्याच्या वाक्यरचनेवरूनही व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात तशी परीक्षा करण्याचा हेतू आहे, आणि तीसाठी मराठीच्या व्याकरणाचा आधार घेतला आहे. कारण या प्रश्नातील एक महत्त्वाचा भेद मराठी वाक्यात उघडपणे दिसतो.

२. दोन नावे

प्रथम नावांचा विचार करू. 'संमोहन' या शब्दात 'मोह' आहे, आणि त्याच विषयास पूर्वी मराठीत 'मोहिनीविद्या' म्हणत. दोन्ही नावे ऐकणाऱ्याच्या मनात आधीच संशय उत्पन्न करतात. दुसऱ्याने घातलेली भूल असा त्यांचा ध्वनी आहे. युरोपीय नावात हा ध्वनी नाही, तेथे निद्रा आहे. मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी १८४१ साली मेस्मेरिझमचे प्रयोग पाहिले आणि १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निद्रावाचक ग्रीक शब्दावरून या अवस्थेचे नाव रूढ केले. पण ही अवस्था झोप नव्हे हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. १८४७ साली त्यांनी 'एकाच कल्पनेवर चित्त खिळणे' या अर्थाचे दुसरे नाव सुचविले. परंतु तोवर पहिले नाव लोकांच्या तोंडी बसले होते. नाव देणाऱ्यासच नाव मागे घेता आले नाही, हे उदाहरण शब्दाच्या सामर्थ्याविषयी पुष्कळ सांगून जाते.

'कोच' हा शब्द मूळचा हंगेरीतील कोच नावाच्या गावाचा. तेथील घोडागाडीवरून तो युरोपभर वाहनवाचक झाला, आणि १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षा पार करून देणाऱ्या शिक्षकास थट्टेने लावला. मराठीत 'कोचिंग' म्हटले की आजही प्रथम परीक्षेची शिकवणीच आठवते. आधुनिक कोचला मात्र हा अर्थ मान्य नाही. टिमथी गॅल्वे यांचे टेनिसवरील पुस्तक १९७४ साली आले. त्यात खेळाडूच्या ठायी एक सांगणारा व एक करणारा असे दोन 'मी' कल्पिले असून, सांगणाऱ्याने गप्प बसावे असा उपदेश आहे. जॉन व्हिटमोर यांनी १९९२ सालच्या पुस्तकात हाच विचार कचेऱ्यांत व कारखान्यांत नेला. कोचने सांगू नये, विचारावे, हे तेव्हापासून या व्यवसायाचे ब्रीद झाले. सारांश, एका नावात भूल आहे पण व्यवसाय भूल घालीत नाही, आणि दुसऱ्या नावात शिकवणी आहे पण व्यवसाय शिकवीत नाही.

३. येणाऱ्या गोष्टी आणि करण्याच्या गोष्टी

मराठीत 'मी उठतो', 'मी लिहितो', 'मी विडी ओढतो' या वाक्यांत बोलणारा कर्ता आहे. 'मला झोप येते', 'मला राग येतो', 'मला तलफ येते', 'मला भूक लागते' या वाक्यांत तो कर्ता नाही. तेथे झोप, राग, तलफ आणि भूक याच येतात किंवा लागतात. मनुष्य हे त्यांचे केवळ मुक्कामाचे ठिकाण असते, आणि 'ला' हा प्रत्यय ते ठिकाण दाखवितो. जी क्रिया माणूस करतो तिचे वाक्य एका घडणीचे, आणि जी त्याच्यावर घडते तिचे दुसऱ्या घडणीचे, हा भेद मराठी बोलणारे मूल व्याकरण शिकण्यापूर्वीच पाळते.

आता संमोहनोपचारातील वाक्ये पाहावीत. डोळे जड होत आहेत, अंग सैल पडत आहे, झोप येत आहे, दुखणे दूर जात आहे, अशी ती असतात. मराठी उपचारकाच्या तोंडी ती आपोआप 'तुम्हाला'ने सुरू होतात. ही सर्व वाक्ये दुसऱ्या घडणीची आहेत. त्यांत ऐकणाऱ्याने काही करावयाचे नसते. त्याच्या ठिकाणी काही तरी येते किंवा त्याच्यापासून जाते. मिल्टन एरिक्सन यांच्यापासून आज्ञेऐवजी 'कदाचित असे जाणवू लागेल' अशी सौम्य रचना अधिक प्रचारात आली. पण तिच्यातही जाणवण्याचीच क्रिया आहे.

या निरीक्षणास वैद्यकीय पुराव्याचा आधार मिळतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वेदना आणि आतड्यांचा क्षोभ या दोन बाबतींत संमोहनाच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. पीटर व्होरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँचेस्टर येथे ३० रुग्णांवर केलेला नियंत्रित प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या आतड्याच्या विकारात संमोहनाचा विचार करावा, ही शिफारस पुढे २००८ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत आली. उलट धूम्रपान सोडण्याच्या बाबतीत कॉक्रेन संस्थेच्या २०१९ सालच्या आढाव्यात १४ अभ्यास व १,९२६ व्यक्ती यांचा विचार होऊनही, अन्य साहाय्यापेक्षा किंवा साहाय्याविना सोडण्यापेक्षा संमोहन अधिक गुणकारी आहे असे म्हणण्यास पुरेसा पुरावा मिळाला नाही. वेदना ही येणारी गोष्ट आहे. विडी ओढणे ही करण्याची. सूचनेचे सामर्थ्य पहिल्या घडणीच्या वाक्यापाशी आले की ओसरू लागते, असा कयास यावरून करता येतो.

धूम्रपानात मात्र दोन्ही घडणी एकत्र आहेत. तलफ येते, आणि मग माणूस ओढतो. तलफ आली तरी ती ओसरून जाईल, ही सूचना रास्त होय. 'तुम्ही आता ओढणार नाही' हे वाक्य उपचारकाने उच्चारल्याने मात्र काही निष्पन्न होत नाही. कारण ते वाक्य ज्याचे आहे त्याने ते अद्याप म्हटलेलेच नसते.

४. कुए यांचे सूत्र

दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य रुग्णाच्या स्वतःच्या तोंडी देण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांनी केला. नान्सी येथील डॉक्टर लिएबो यांच्याकडून त्यांनी संमोहन शिकून घेतले. पण पुढे ते बाजूस सारून जागेपणीच्या स्वयंसूचनेचा पुरस्कार केला. रोज सकाळी उठण्यापूर्वी व रात्री निजण्यापूर्वी एकच सूत्र वीस वेळा पुटपुटावे, मोजण्यासाठी वीस गाठींचा दोरा हाती धरावा, असा त्यांचा विधी होता. दिवसेंदिवस सर्व बाबतींत आपण सुधारत आहोत, असा त्या सूत्राचा आशय. १९२३ साली ते अमेरिकेत गेले तेव्हा त्यांची कीर्ती त्यांच्या आधी तेथे पोहोचली होती.

व्याकरणाच्या दृष्टीने हे सूत्र कुशलतेने घडविलेले आहे. त्यात नकार नाही, भविष्यकाळ नाही, इच्छार्थ नाही. इच्छाशक्ती आणि कल्पनाशक्ती यांच्या झगड्यात कल्पनाच जिंकते, हे कुए यांचे मुख्य प्रमेय असल्याने, इच्छा दर्शविणारे क्रियापद त्यांनी कटाक्षाने वगळले. दुखऱ्या जागेवर हात ठेवून म्हणावयाच्या वाक्यात तर त्यांनी 'मी'लाही रजा दिली. तेथे दुखणे आपले आपण जात असते. येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टींच्या प्रांतात ही रचना अगदी योग्य आहे.

परंतु निश्चयाचे साधन म्हणून पाहता या सूत्रात तीन उणिवा दिसतात. पहिली अशी की 'सर्व बाबतींत' या शब्दांमुळे एकही बाब हाती लागत नाही. कोणत्या दिवशी सूत्र खरे ठरले आणि कोणत्या दिवशी खोटे, हे ठरविण्याची सोयच त्यात नाही. दुसरी अशी की त्यात सुधारणा आहे, पण ती घडवून आणणारी एकही क्रिया नाही. तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. जे वाक्य बोलणाऱ्यास स्वतःलाच पटत नाही, ते वारंवार म्हटल्याने त्याचा अविश्वासच वारंवार जागा होतो. जोॲन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःविषयी मुळातच हीन भावना असलेल्यांना आत्मप्रशंसेचे वाक्य घोकल्यावर बरे न वाटता अधिक वाईट वाटल्याचे आढळले. ज्याला आधाराची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच हातात ही काठी मोडते. आणि दोष मात्र काठीकडे जात नाही. त्याने पुरेशा विश्वासाने म्हटले नाही, असे उत्तर तयार असते. ज्या उपायाचे अपयश नेहमी रुग्णाच्याच नावावर मांडले जाते, त्याकडे चिकित्सकाने सावधपणे पाहिले पाहिजे.

५. कोचचा प्रश्न आणि त्याचे उत्तर

कोचिंगचा विशेष हा की त्यात निर्णायक वाक्य ज्याचे त्याने बोलावयाचे असते. या पद्धतीच्या जवळची पण अधिक काटेकोरपणे तपासलेली एक पद्धत विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडली व पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केली. तिच्यात समुपदेशक उपदेश टाळतो, आणि बदलाची भाषा समोरच्याच्या तोंडून निघावी अशी वाट पाहतो. पॉल आम्राइन या भाषामानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह अशा मुलाखतींतील मादक द्रव्यांच्या व्यसनात असलेल्या ८४ व्यक्तींची विधाने तपासली. २००३ सालच्या त्यांच्या निबंधानुसार, इच्छा, क्षमता, कारणे किंवा गरज यांविषयीच्या विधानांवरून पुढील वर्तनाचा थेट अंदाज येत नव्हता. तो बांधिलकीच्या विधानांवरून, आणि विशेषतः मुलाखतीच्या अखेरीकडे ती विधाने बळकट होत जातात की नाही यावरून येत होता.

मराठीत हा भेद प्रत्ययांतच आहे. 'मला तंबाखू सोडायची आहे' हे निश्चयाचे सर्वांत प्रचलित वाक्य. पण त्यातील बोलणारा पुन्हा 'ला' प्रत्ययाच्या आश्रयाला गेला आहे. आणि 'सोडायची आहे' यात इच्छा किती व बळजबरी किती, हे वाक्य सांगत नाही. 'मला सोडवत नाही' हे दामले यांच्या परंपरेतील व्याकरणात शक्य क्रियापद म्हणून ओळखले जाणारे रूप; त्यात तर असमर्थता हा जणू क्रियेचाच धर्म झाला. 'प्रयत्न करतो', 'बघतो' ही वाक्ये कर्त्याची आहेत खरी. पण मराठी माणसाने 'बघतो' म्हटले म्हणजे काम होणार नाही, हे ऐकणारा जाणतो. यांच्या पलीकडे 'मी सोडणार' आणि 'मी खात नाही' ही दोन वाक्ये उरतात. कोचचे खरे कौशल्य 'मला सोडायची आहे'पासून 'मी'पर्यंतचा हा प्रवास घडवून आणण्यात आहे. व्हिटमोर यांच्या प्रश्नमालिकेचा शेवट 'विल' या शब्दाने होतो. इंग्रजीत तो संकल्पशक्तीचाही वाचक आहे आणि भविष्यकाळाचाही. मराठीत या दोन अर्थांना दोन वेगळी ठिकाणे आहेत. त्यामुळे 'तुमची इच्छा काय?' असे विचारणारा मराठी कोच अर्धाच प्रश्न विचारतो. 'तुम्ही काय करणार?' हा उरलेला अर्धा.

भाषांतराचा असाच एक घोटाळा दुसऱ्या उपयुक्त साधनाच्या बाबतीत होतो. पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले की नुसत्या उद्दिष्टापेक्षा, अमुक प्रसंग आला म्हणजे अमुक कृती करावयाची, असे प्रसंगाशी बांधलेले वाक्य अधिक पाळले जाते. गोलविट्झर व शीरन यांच्या २००६ सालच्या संकलनात ९४ स्वतंत्र चाचण्यांवरून हा परिणाम मध्यम ते मोठ्या प्रमाणाचा ठरला. या वाक्याचा शब्दशः मराठी अनुवाद 'जर-तर' असा होतो, आणि मराठीत 'जर-तरची भाषा' म्हणजेच अनिश्चिततेची भाषा. खरे मराठी रूप निराळे आहे: 'जेवण झाले की मी चालायला जातो', 'दिवा लावला की लिहायला बसतो'. 'झाले की' या रचनेत शंकेला जागा नाही. पहिली क्रिया पुरी होताच दुसरी सुरू होते. घराघरांतील रोजचा क्रम मराठी माणूस याच रचनेने सांगतो, आणि निश्चयाला ज्या क्रमात मिसळावयाचे असते तो हाच होय.

नकाराविषयीही असेच म्हणता येईल. ऑस्करसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधील १,०६६ व्यक्तींचे नववर्षसंकल्प वर्षभर तपासले. त्यांचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. काही करण्याचा संकल्प केलेल्यांपैकी ५८.९ टक्के, तर काही टाळण्याचा संकल्प केलेल्यांपैकी ४७.१ टक्के लोकांनी स्वतःस यशस्वी मानले. नकार अटळच असेल तेव्हाही तो कोणत्या घडणीचा आहे याला महत्त्व आहे. व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हॅग्टव्हेट यांच्या २०१२ सालच्या प्रयोगांत 'मला चालत नाही' या अर्थाच्या नकारापेक्षा 'मी खात नाही' या अर्थाचा नकार मोहापुढे अधिक टिकला. हा निष्कर्ष महाराष्ट्रात नवा वाटू नये. तुळशीची माळ घातलेला वारकरी मांसाहारास नाही म्हणतो तेव्हा तो बंदीचा उल्लेख करीत नाही; 'मी माळकरी आहे' एवढेच तो म्हणतो, आणि आग्रह तेथेच थांबतो.

६. श्रोता कोण?

एवढे सर्व साधले तरी एक अडचण उरते. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत, काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नसून उच्चारानेच कृती घडवितात, हे प्रतिपादिले. वचन देणे हे त्याचे ठळक उदाहरण. वचनाला देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष लागतात, आणि घेणाऱ्यास देणाऱ्याची सुटका करण्याचा अधिकार असतो. स्वतःस दिलेल्या वचनात हे दोन्ही पक्ष एकच. पहाटे पाचला गजर वाजतो तेव्हा वचन देणारा सुटका मागतो आणि वचन घेणारा ती तत्काळ देऊन टाकतो. निश्चय मोडतो त्याचे एक मोठे कारण इच्छाशक्तीच्या दुबळेपणात नसून, वाक्याला स्वतंत्र श्रोता नसण्यात आहे.

कोच हा असा श्रोता होऊ शकतो. परंतु कोणताही श्रोता चालत नाही. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या प्रयोगांत, स्वतःची एखादी ओळख घडविण्याशी निगडित असलेला बेत दुसऱ्याने ऐकून घेतला व त्याची दखल घेतली, तर प्रत्यक्ष श्रम कमी झाल्याचे दिसले. बेत जाहीर होताच ती ओळख जणू पदरात पडली. दुसऱ्या बाजूस, हार्किन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली १३८ अभ्यासांचे संकलन केले, तेव्हा प्रगतीची नोंद ठेवल्याने उद्दिष्ट गाठण्यास मदत होते, आणि ती नोंद लिहून ठेवली किंवा इतरांसमोर मांडली तर अधिक होते, असे दिसून आले. या दोन निष्कर्षांत वरवर विरोध आहे. पण पहिला श्रोता बेत ऐकतो, दुसरा हिशेब ऐकतो. बेत ऐकून शाबासकी देणारा निश्चयाचे नुकसान करतो. आठ दिवसांनी 'काय झाले?' असे विचारणारा त्याला टिकवितो. साहाय्य जितके अधिक तितके बरे, असेही नाही. वर उल्लेखिलेल्या स्वीडिश अभ्यासात थोडे साहाय्य मिळालेला गट हा, साहाय्य न मिळालेल्या आणि विस्तृत साहाय्य मिळालेल्या अशा दोन्ही गटांपेक्षा अधिक यशस्वी ठरला.

साहाय्य किती असावे याचा एक नमुना जुन्या धर्मविधीत सापडतो. पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प करतो. स्थळ, काळ, नाव, गोत्र, हेतू हे सर्व पुरोहित सांगतो. पण शेवटचे 'करिष्ये' हे पद यजमानाने स्वतः म्हणावयाचे अशी रीत आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडेच जात असेल तर पाणिनीच्या नियमाने अशा धातूचे आत्मनेपद योजावयाचे, आणि 'करिष्ये' हे प्रथम पुरुषी आत्मनेपदच आहे. त्या वाक्यात संदिग्धता नाही, नकार नाही, 'मला करायचे आहे' नाही. ऐकणारा समोर बसला आहे, आणि ते म्हणून झाल्यावर पाणी सोडले जाते. चातुर्मासाच्या नेमासही आरंभाची एकादशी आहे तशीच शेवटचीही आहे. धर्मश्रद्धा बाजूला ठेवून केवळ वाक्य म्हणून पाहिले तरी, आजच्या प्रयोगशाळांनी ज्या गोष्टी एकेक करून शोधल्या त्यांतील बऱ्याच येथे एकत्र आढळतात.

७. निष्कर्ष

तेव्हा या दोन व्यवसायांचा निवाडा सरसकट करता येत नाही. जे येते, म्हणजे वेदना, तलफ, धास्ती, त्याच्याशी संमोहनोपचाराच्या भाषेचे नाते आहे, आणि तेथवर तिचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. जे करावयाचे, तेथे कोचच्या प्रश्नाची भाषा अधिक योग्य. पण तो प्रश्न कृतीचा असावा व हिशेब मागणारा असावा. पहिला व्यवसाय दुसऱ्याच्या वतीने 'करिष्ये' म्हणू लागला, किंवा दुसरा नुसतीच शाबासकी वाटू लागला, तर दोघांच्याही हातून निश्चय ढिला होतो.

यात पैशापेक्षा किंवा वेळेपेक्षा मोठी गोष्ट पणास लागलेली असते. मराठीत शब्द देतात, शब्द पाळतात आणि शब्द मोडतात. दुसऱ्यास दिलेला शब्द मोडला तर पत जाते. स्वतःस दिलेला शब्द वारंवार मोडला तर मनुष्य स्वतःचे बोलणे मनावर घेईनासा होतो, आणि मग त्याच्या तोंडी 'बघतो' एवढे एकच क्रियापद उरते. म्हणून साहाय्य घेणाऱ्याने उपचारकाची किंवा कोचची कीर्ती विचारण्यापूर्वी एक साधी कसोटी लावावी. बैठक संपवून उठताना आपल्या तोंडी कोणते वाक्य आहे, ते 'मला'ने सुरू होते की 'मी'ने, आणि त्यातले क्रियापद कोणी उच्चारले, हे पाहावे.